एकोणपन्नासची डावी बाजू

३ फेब्रुवारी, सोमवार

ठराव पास! अकरा विरुद्ध तीन.

नऊ मार्चला, रविवारी सकाळी, घड्याळाच्या मनोऱ्यासमोर मंडळाच्या सगळ्या जुन्या गाड्यांचा एकत्र फोटो. आणि फोटोत जी गाडी उभी राहील ती तिच्या मालकानं स्वतः चालवत आणलेली पाहिजे. ड्रायव्हर नाही, भाचा नाही, ट्रकवर चढवून आणणं नाही. मसुदा माझा. स्वल्पविरामासकट माझा.

आमच्या मंडळात माणसाला नावानं कोणी हाक मारत नाही, गाडीच्या सालानं मारतात. दातांचे डॉक्टर म्हणजे बावन्न. मी एकोणपन्नास. सगळ्यांत जुनी गाडी निवृत्त हेडमास्तरांची, म्हणून ते सदतीस. तर सदतीस उठून उभे राहिले. म्हणाले, ‘सचिव, माझे हात थरथरतात हो आता. जावई चालवेल, मी शेजारी बसेन. एवढं चालवून घ्या.’

म्हटलं, मास्तर, नियम तुमच्यासाठी वाकवला तर उद्या कुणी टॅक्सीवाल्याला कोट चढवून आणेल. सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. खाली बसले, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. शाळेतल्या पोरासारखे.

वाईट वाटलं. पण एकदा ढिलाई केली की संपलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मनोऱ्याचं घड्याळ कितीतरी वर्षं पावणेचारवर मेलेलं आहे. फोटोग्राफर म्हणाला, ‘राहू दे ना काका, कोण बघतंय?’

कोण बघतंय! सकाळच्या उन्हात गाड्या उभ्या आणि वर घड्याळात दुपारचे पावणेचार? शंभर वर्षांनी कुणी हा फोटो बघेल तेव्हा म्हणेल, यांचा सचिव आंधळा होता काय?

पालिकेच्या तीन टेबलांवर फिरलो. शेवटी त्यांचा जुना घड्याळजी सापडला. निवृत्त आहे, पण किल्ली अजून त्याच्याकडेच, कारण परत मागायला कुणी आलंच नाही! एकशे बारा पायऱ्या दोघं चढलो. आत कबुतरांचा संसार. चक्रं शाबूत आहेत. घड्याळजी म्हणाला, ‘याला काही झालेलं नाही. नुसतं विचारायला कुणी आलं नाही.’ महिन्याभरात चालू करून देतो म्हणाला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात एक चमत्कारिक गोष्ट झाली. सोनार त्याचा छोटा काटा तपासायला घेऊन आला होता. मी चिमट्यानं दोन ग्रॅमचं वजन उचललं, पारड्यात ठेवणार — तर सोनार म्हणतो, ‘अहो, ऐकताय ना? तीनदा विचारलं.’

एकदाही विचारलं नव्हतं. पण समोरच्या चहावर साय धरलेली. चहा तर आत्ताच आला होता, वाफा निघत होत्या!

मागच्या महिन्यात ही सुद्धा म्हणाली होती, ‘कुठे तंद्री लागते हो तुम्हाला?’ तेव्हा तिच्यावरच डाफरलो होतो.

चोवीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. काट्यात केसाएवढा फरक असला तरी मला दिसतो. आणि चहा निवतो तो दिसत नाही?

१५ फेब्रुवारी, शनिवार

मेंदूच्या डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. घरी सांगितलं, पार्ट शोधायला चाललोय.

डोक्याला वायरी लावल्या. डॉक्टर बाई आहेत, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. म्हणाल्या, ‘झटका म्हणजे माणूस आडवाच पडायला पाहिजे असं नाही. तुम्ही जागच्या जागी थांबता. मिनिट, दोन मिनिटं. मग जिथे थांबलात तिथून पुढे सुरू.’ गोळ्या लिहून दिल्या. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, ‘गाडी चालवता?’

चालवतो म्हटलं. एकोणपन्नासचं मॉडेल आहे. भंगारातून उचललं तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. नऊ वर्षं लागली उभं करायला. कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही मी, सगळं पुस्तकं वाचून आणि या दोन हातांनी —

मध्येच थांबवलं. ‘सहा महिने स्टिअरिंगला हात नाही. मधे एक जरी झटका आला तर पुन्हा पहिल्यापासून सहा महिने.’

म्हटलं, मला आला की कळेलच ना. बाजूला घेईन.

‘नाही कळणार,’ त्या म्हणाल्या. ‘तेच तर आहे. समोरच्याला कळेल. तुम्हाला नाही.’

त्यांचा कागद गाडीच्या हँडबुकात ठेवलाय. पान सत्तर, ब्रेकची जुळणी. ते माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल रात्रीपासून तेच तेच. सरळ सांगावं तर — काय सांगू? अकरा मतांनी पास करून घेतलेला नियम, मास्तरांना भर सभेत खाली बसवलं, आणि तेरा दिवसांत मीच उठून म्हणू की माझंही जरा चालवून घ्या? न सांगता गाडी आणली नाही तर सगळे विचारणार. सचिवाचीच गाडी नाही? बावन्न तर दात काढून हसेल, धंदाच आहे त्याचा.

नियम रद्द करू म्हटलं तरी विचारणार — का?

जिकडे जावं तिकडे मीच लिहिलेली ओळ आडवी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उपाय सापडला. खरं तर सोपा आहे. मोजमाप!

डॉक्टरांना काय, दहा मिनिटं बघितलं आणि सांगितलं. मी माझं मोजणार. आजपासून छोटी वही खिशात. जागेपणी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचं. मधलं सगळं आठवत असेल तर बरोबरची खूण. नसेल तर फुली. वीस दिवस आहेत हातात. एकही फुली आली तर गाडी काढणार नाही, मग जग काय म्हणायचं ते म्हणो. शब्द आहे.

गोळ्यांची पट्टी दुकानात, बारीक स्क्रूच्या डब्यात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सगळ्या बरोबरच्या खुणा. एकही फुली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बारकी — बारकी कसली, तेवीस वर्षांची झाली — जेवताना म्हणाली, ‘बाबा, दर थोड्या वेळानं घड्याळात काय बघता? कुणी यायचंय का?’

म्हटलं, फोटोचं वेळापत्रक डोक्यात आहे.

‘आणि गाडी आठवडाभर काढली नाहीत?’

कार्ब्युरेटर उघडलाय म्हटलं. खोटं बोलायची सवय नाही, घास घशात अडकला. ही पाणी देत म्हणाली, ‘सावकाश. कुणी हिसकावून घेत नाहीये.’

बारकी लॅबची व्हॅन चालवते रोज. दिवसभर शहरभर रक्ताच्या बाटल्या पोचवते. मधून मधून विचारते, ‘बाबा, एकदा एकोणपन्नास देता का? गल्लीतल्या गल्लीत.’ दरवेळी सांगतो, तुझा तो पत्र्याचा डबा वेगळा आणि ही वेगळी. हिचा क्लच कानानं ऐकावा लागतो. आज विचारलं नाही तिनं. नुसती बघत होती माझ्याकडे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांचा फोन. मला वाटलं भांडायला. तर म्हणाले, ‘मी गाडी आणत नाही. नियम तो नियम, मीही जन्मभर पोरांना हेच सांगितलं. पण माझी जागा रिकामी ठेवाल का? मी बसनं येईन आणि तिथे उभा राहीन.’

हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

फोन ठेवल्यावर बराच वेळ तोंडात शब्द होता — मास्तर, मलाही. तेवढेच दोन शब्द. बाहेर आले नाहीत.

२ मार्च, रविवार

चौकात जाऊन खडूनं आखणी केली. अर्धगोल, सालाप्रमाणे, डावीकडून सदतीस ते उजवीकडे एकोणसत्तर. एकोणीस जागा, दोन गाड्यांत बरोबर सव्वा मीटर. माझी आठवी.

फोटोग्राफर समोरच्या वाचनालयाच्या गच्चीवर. सात वाजून दहा मिनिटांनी ऊन वाचनालयाच्या छपरावरून मनोऱ्यावर येतं. त्याला बजावलं, सगळ्यांची इंजिनं चालू, दिवे लागलेले, आणि मी खिडकीतून हात बाहेर काढला की क्लिक.

‘काका, मी लग्नं पण करतो,’ म्हणाला. ‘तिथे नवरदेव इतका त्रास देत नाही.’

७ मार्च, शुक्रवार

घड्याळ चालू झालं! खाली उभा राहून बघत होतो. काटा थरथरला आणि पुढे सरकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कबूल करतो. घड्याळजीनं वरून ओरडून विचारलं, ‘किती मागे?’ माझ्या मनगटाशी लावून बघितलं. एक सेकंदसुद्धा नाही!

गोळीनं हात जड होतात. पायही. क्लचवर पाय हलका पाहिजे. रविवारी सकाळची गोळी घेणार नाही. एकच तर.

८ मार्च, शनिवार

वीस दिवस. फुल्या शून्य.

मी म्हणत होतो ना! डॉक्टरांना माझ्यासारखा माणूस भेटला नसेल. इतक्या बारकाईनं कोण बघतं स्वतःकडे?

९ मार्च, रविवार

झालं! झालं एकदाचं!

साडेपाचला उठलो. दोनदा गाडी पुसली, कोरड्या कपड्यानं आणि मग मऊ कातड्यानं. ही म्हणाली, ‘पुढे बारकी बसेल, मी मागे.’ बसा म्हटलं. मी स्वतः उतरून बारकीसाठी डावं दार उघडलं. नेहमी तसंच करतो, चढताना-उतरताना, हिच्यासाठीही. जुन्या गाडीत बाईमाणसानं स्वतः दार उघडायचं नसतं, तो मान असतो. तेवढी रीत अजून माझ्याकडे आहे.

पुलावर आलो तेव्हा गेले तीन आठवडे डोक्यावरून उतरल्यासारखे वाटले. इंजिन असं गुणगुणत होतं की बारकीसुद्धा म्हणाली, ‘काय आवाज आहे बाबा!’

चौकात सगळे वेळेवर. बावन्नचा एक दिवा लागेना, हातानं दोन थापा मारल्या, लागला. मास्तर आले होते, काळा कोट घालून. पहिल्या खुणेवर, रिकाम्या जागेत ताठ उभे, हात पाठीमागे बांधलेले. का बांधलेले ते मला ठाऊक. तिकडे बघायचं टाळलं.

सातला इंजिनं सुरू. अठरा गाड्यांचा आवाज एकदम — छाती भरून आली. ऊन छपरावरून उतरलं, मनोऱ्याच्या टोकाला लागलं, खाली खाली येऊन घड्याळावर आलं. सात दहा! मी हात बाहेर काढला. क्लिक.

आणि संपलंसुद्धा! एवढा महिनाभराचा खटाटोप आणि त्या शहाण्यानं एकच क्लिक केलं! मी हात आत घेतो न घेतो तोच लोक उतरून इकडे तिकडे व्हायला लागले होते. मास्तर तर चक्क माझ्या खिडकीशी उभे! एवढ्या वेळात पहिल्या जागेवरून आठव्या जागेपर्यंत कसे आले कळलं नाही, म्हाताऱ्याचे पाय अजून भलतेच चपळ आहेत. वाकून म्हणाले, ‘बरं आहे ना?’

उत्तम! म्हटलं. याहून चांगलं काय असतं!

बारकीकडे बघितलं त्यांनी.

घरी निघताना बारकी म्हणते, ‘बाबा, मी चालवू?’ अशा दिवशी! आणि ही मागून, ‘चालवू दे ना तिला. एकदा.’ दोघींना एकदमच झापलं. आजचा दिवस माझा आहे, म्हटलं, माझ्या हातातून चाक काढून घेऊ नका. सगळ्या रस्त्यात बारकीचा हात मधल्या हँडब्रेकवर. काढ म्हटलं तर काढला नाही. पुलावर तर मुठीची हाडं पांढरी झालेली. रोज व्हॅन चालवणारी मुलगी, आणि बापाच्या शेजारी बसून घाबरते!

वहीत आज दिवसभर बरोबरच्या खुणा. सात दहालाही.

१० मार्च, सोमवार

फोटोग्राफरला फोन करून चांगला फैलावर घेतला. एकच फोटो? कुणाचे डोळे मिटले असतील तर? परत अठरा गाड्या आणणार आहेस?

‘काका, सतरा काढलेत.’

थापा मारू नकोस म्हटलं. मी तिथेच होतो.

‘सतरा,’ म्हणाला. ‘प्रिंट पाठवतो. मोजून घ्या.’ मग म्हणाला, ‘काका, तुमची तब्येत बरी आहे ना?’ विषय कसा बदलतात बघा!

१२ मार्च, बुधवार

गाडीची किल्ली खिळ्यावर नाही. घरात कुणालाच माहीत नाही म्हणे. किल्लीला काय पाय फुटले?

१४ मार्च, शुक्रवार

प्रिंट आले. सतरा.

दुकानात टेबलावर ओळीनं मांडले. फोटोग्राफरवर खेकसायचं म्हणून वजनं तपासायचं भिंग काढलं. आधी नेहमीप्रमाणे खालून वर बघत गेलो. खडूच्या खुणा, चाकं, दिवे, मग घड्याळ. पहिल्या फोटोत सात वाजून दहा. शेवटच्यात सात वाजून बारा.

दोन मिनिटं.

मग माणसं बघितली. दुसऱ्या फोटोत बावन्न हसतोय, तिसऱ्यात शिंकतोय, पाचव्यात रुमाल. सगळे हलताहेत. चाळीसवाल्याची बायको टोपी सावरते आहे. आणि आठव्या जागेवर खिडकीतून बाहेर आलेला एक हात. दुसऱ्यात तो हात. तिसऱ्यात तोच. सहाव्यात, दहाव्यात, चौदाव्यात — बोटंसुद्धा तशीच. अंगठा आत दुमडलेला. काचेमागे माझा चेहरा. भिंग जवळ नेलं. तो चेहरा माझा आहे, पण त्यात मी नाही.

पाचव्यात बारकीनं मान वळवलीय. सातव्यात तिचा हात माझ्या खांद्यावर. नवव्यात ती खाली वाकलेली, हँडब्रेककडे, आणि मागून हिचा चेहरा दोघांच्या मधे आलेला, तोंड उघडं. काहीतरी हाक मारतेय मला. मला ऐकू आलेली नाही. अकराव्यात पहिली जागा रिकामी. मास्तर निघालेत. बाराव्यात दोन गाड्या ओलांडल्यात. चौदाव्यात चार. हात आता पाठीमागे नाहीत, पुढे आलेत, तोल सावरायला. थरथरताना फोटोत हलले आहेत, पुसट झालेत. सतराव्यात ते माझ्या खिडकीशी आहेत आणि माझा हात आत चाललाय.

मी क्लिक ऐकलं होतं. एक.

वही काढली. नऊ मार्च, सात दहा, बरोबरची खूण. माझ्याच अक्षरात, नीट, रेघ न सोडता. वीस दिवसांची वही चाळली. एकही फुली नाही. असणारच कशी? जे दिसलं नाही ते कोण लिहिणार होतं?

आणि त्यानंतर मी गाडी चालवली. या दोघींना घेऊन. पुलावरून.

घड्याळ बंद असतं तर मला फोटोग्राफरच खोटारडा वाटला असता. पटापट काढले असशील म्हटलं असतं. मीच चालू करून घेतलं ते.

घरी आलो. हँडबुकातला पान सत्तरवरचा कागद काढला आणि प्रिंटांशेजारी जेवणाच्या टेबलावर ठेवला. हिनं कागद वाचला, प्रिंट बघितले. बारकीनं फोटो बघितलेच नाहीत. म्हणाली, ‘मी तिथे होते बाबा.’

विचारलं, मग बोलला का नाहीत?

‘कुणाशी बोलायचं?’ ही म्हणाली. ‘तुम्ही ऐकता?’

उठली, डाळीच्या डब्यात हात घातला, किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. माझ्यापुढे नाही, बारकीपुढेही नाही. मधे.

मी ती बारकीकडे सरकवली.

१५ मार्च, शनिवार

डॉक्टर बाईंना फोन केला. सहा महिने, पुन्हा पहिल्यापासून. सकाळची गोळी ओट्यावर, सगळ्यांसमोर घेतली.

१६ मार्च, रविवार

मास्तरांकडे निघालो. नियम मागे घेतोय, हे सभेआधी त्यांना तोंडानं सांगायचं होतं. बारकीनं चालवली. क्लच कानानं ऐकते, मी शिकवलेलं नसताना. मी पुढे डावीकडे. या गाडीत त्या जागी आजवर कधी बसलो नव्हतो.

मास्तरांच्या फाटकाशी थांबलो. दाराची कडी ओढली. उघडेना. पुन्हा ओढली. खांदा लावला.

‘आतून नाही उघडत ते,’ ही मागून म्हणाली.

‘कधीपासून?’

‘अकरा वर्षं झाली.’

‘मग सांगायचं नाही?’

‘दोनदा सांगितलं.’

बसून राहिलो. बारकी उतरली, पुढून वळसा घालून आली आणि तिनं बाहेरून दार उघडलं.